गाव आला का?

करंजघरात पहिली बिल्डिंग उभी राहिली तेव्हा सगळा गाव मान वर करून मजले बघत होता आणि लडकू एकटा जिना बघत होता. पायऱ्या उंच होत्या, कठड्याचा रंग अजून ओला होता, आणि लडकूच्या उजव्या गुडघ्यात चिखलणी करून करून एक कळ कायमची मुक्कामाला आली होती.

"ह्यो कोण चढणार?" तो मोठ्याने म्हणाला.

बिल्डिंग मोरूची, म्हणजे लडकूच्या शेजाऱ्याची. तो हसला. "तुला कोण सांगतंय चढाया? तुझं घर खालीच हाय."

पण लडकूला ठाऊक होतं, चढावं लागणार ते त्यालाच. कारण करंजघरात कुणाच्याही घरचं लग्न निघो, दारोदार आवतण घेऊन जायचं काम लडकूचं होतं.

हे काम काय असतं ते आधी सांगायला हवं, नाहीतर या माणसाचा वैताग कुणाला कळायचा नाही. काल्हेरकडून भिवंडीला जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला, खाडीच्या बाजूला, करंजघर हे चाळीसेक घरांचं भातशेतीवाल्यांचं गाव. लग्न ठरलं की आधी लडकूचा बाप, आणि बापाच्या मागे लडकू, पितळेच्या ताटलीत हळद लावलेले तांदूळ घेऊन निघायचा. प्रत्येक उंबऱ्याशी उभं राहायचं. त्या घरात जो सगळ्यात वडील असेल त्याचं नाव घ्यायचं. चार दाणे उंबऱ्यावर ठेवायचे आणि आवतण सांगायचं. 'घरटी एक' म्हटलं की घरातून एकाने यायचं. 'चूलबंद' म्हटलं की लहानथोर सगळ्यांनी यायचं, त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही. निरोप पाठवून चालत नसे, आणि वाटेत भेटला म्हणून सांगून टाकलं, तेही चालत नसे. आवतण ते उंबऱ्यावरचंच.

आणि मग पंगत बसली की गावातले सगळ्यात जुने दाजी पानावर हात न लावता विचारायचे, "गाव आला का?" लडकूने उभं राहून सांगायचं, "गाव आला!" त्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही. एखादं घर राहिलं असेल तर पंगत तशीच थांबायची, आणि लडकूने ताटली घेऊन त्या घरी धाव घ्यायची. मांडवात खोटं सांगितलं तर ते नवरीच्या संसाराला बाधतं, अशी गावाची पक्की समजूत होती. लडकूच्या बापाच्या हातून एकही घर कधी राहिलं नव्हतं आणि लडकूच्याही नव्हतं. एरवी या माणसाला गावात कुणी फारसं विचारत नसे. जमीन बेताची, बोलणं तुसडं, आणि चिडला की नाकपुड्या फुगायच्या. पण लग्नाच्या मांडवात सगळा गाव हात आवरून त्याच्या तोंडाकडे बघायचा, आणि त्या एका क्षणावर त्याचं वर्ष निघायचं.

बौद्धवाडी तेवढी वेगळी. ती रस्त्याच्या कडेला होती, सातआठ घरांची. तिकडे उंबऱ्यापर्यंत जायचं नाही, अलीकडच्या बांधावर उभं राहून सगळ्या वाडीला मिळून एक हाक द्यायची, असा रिवाज होता. त्या हाकेला वाडीतून कित्येक वर्षांत कुणी आलं नव्हतं. त्यांच्यासाठी पंगतही कधी थांबली नव्हती. यात काही खटकण्यासारखं आहे असं लडकूच्या बापाला वाटलं नव्हतं आणि लडकूलाही वाटलं नव्हतं.

चाळीस घरं आणि एक बांध. एक सकाळ पुरायची आणि शिवाय चारसहा घरी चहा व्हायचा. मग ऐंशीचं साल उलटलं आणि लडकूच्या सुखाला दृष्ट लागली.

आधी गोदामं आली. मुंबईच्या जकातीतून सुटायला व्यापारी नाक्याच्या अलीकडे माल उतरवायला लागले, आणि अलीकडे म्हणजे आमच्याच भागात. मोरूने पहिलं शेत दिलं. पुढच्या वर्षी बाकीच्यांनी मोरूच्या अंगावरचा टेरिलिनचा शर्ट बघितला आणि आपापली शेतं दिली. जिथे भाताच्या रोपांची आवणी व्हायची तिथे पत्र्याचे लांबलचक डबे उभे राहिले. लडकूच्या फेरीची वाट बांधाबांधाने जायची. तिच्यात भिंती आडव्या आल्या आणि समोरच्या घरी पोचायला ट्रकांच्या रांगेला वळसा पडायला लागला. एका लग्नाच्या आवतणाला दोन दिवस गेले तेव्हा लडकूने ताटली दाजींच्या ओट्यावर आदळली.

"दाजी, गोदाम म्हंजी घर का?"

दाजी अडकित्त्याने सुपारी कातरत होते. त्यांनी विचारलं, "तिथं कोण शिजवून खातो का?"

"एक भैया हाय पहाऱ्याला. स्टोवर भात लावतो."

"मग जिथं चूल तिथं आवतण," दाजींनी निकाल दिला आणि सुपारी तोंडात टाकली. निकाल द्यायला काय जातं? हिंडायचं होतं लडकूला.

लडकू गेला. गोदामाच्या दाराशी उभा राहून त्याने चौकीदाराला नाव विचारलं, नाव घेतलं आणि उंबऱ्यावर पिवळे तांदूळ ठेवले. चौकीदार घाबरून दोन पावलं मागे सरला. कुणीतरी करणी करायला आलं आहे असं त्याला वाटलं. "चाचा, हमने क्या बिगाड़ा है?" म्हणून तो हात जोडायला लागला. लडकूने आपल्या हिंदीत समजावलं, "अरे शादी है, खाने को आनेका, अकेला आनेका." त्यावर तो म्हणाला, ड्युटी सोडून येता येणार नाही, सेठ काढून टाकेल. मग पंगतीच्या दिवशी मैनाने, म्हणजे लडकूच्या बायकोने, त्याचं जेवण केळीच्या पानात बांधून पाठवलं, तेव्हा कुठे लडकूला 'गाव आला' म्हणता आलं.

गोदामांच्या पाठोपाठ चाळी आल्या. भिवंडीतल्या धामणकर नाक्याकडच्या कापडाच्या लूमवर काम करणारे, भाडं परवडेना म्हणून आत आत सरकत आलेले लोक. एका खोलीत एक स्टो आणि आठ माणसं, त्यातली चार दिवसपाळीला आणि चार रातपाळीला. सकाळी गेलं तर झोपलेले पाय दिसायचे आणि संध्याकाळी गेलं तर दुसरेच पाय. यातला वडील कोण? एकदा लडकूने ज्याचं नाव घेतलं तो गावाला निघून गेला आणि त्याच्या नावावर दुसराच जेवून गेला. तो जेवला त्याचं काही नाही, चांगला पोटभर जेवला. पण लडकूचा आठवडाभर जीव खाली-वर होत राहिला, की आपण सांगितलेलं 'गाव आला' खरं की खोटं.

"तुला कोण हिशेब मागतंय?" मोरू म्हणायचा. "छापील पत्रिका वाटून टाक. पोस्टाने जाईल."

"पोस्ट उंबऱ्यावर उभं राहून नाव घेतं का?" लडकू विचारायचा आणि ताटली उचलून चालायला लागायचा.

एवढं सगळं त्याने निभावून नेलं. पण एक्याण्णव साली मोरूने लडकूच्या घराला अगदी लागून असलेलं शेवटचं शेत बिल्डरला दिलं आणि दुकानांच्या तळमजल्यावर तीन मजले चढवून बिल्डिंगीला आईचं नाव दिलं, 'आनंदी निवास'. आनंदीबाई बिचारी जन्मभर कुडाच्या घरात राहिली. बिल्डिंगीच्या मोऱ्यांचं पाणी लडकूच्या वालाच्या तुकड्यात यायला लागलं. गॅलरीतून कांद्याची सालं मैनाच्या वाळवणावर पडायला लागली. ठाण्यात जागा परवडत नाही म्हणून आलेले कारकून, भिवंडीतून सुटं राहायला आलेली कुटुंबं, शहापूरकडचे एक काळूराम मास्तर, जे पुढे बिल्डिंगचे सेक्रेटरी झाले, असे सगळे तिथे भरले. आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर कोण आलं, तर शांताबाई. बौद्धवाडीतली शांताबाई, लहानूची बायको. रस्ता रुंद करताना वाडी निम्मी गेली होती आणि लहानू त्याच्या आधीच वारला होता. मुलगा रामदास पोस्टात लागला होता. त्याने कर्ज काढून आईला तिसऱ्या मजल्यावर नेलं. ज्या बाईने लडकूच्या शेतात वाकून आवणी केली ती आता लडकूच्या कौलांवर काय वाळत घातलं आहे ते वरून बघत होती. याचाही लडकूला राग आला. का आला, ते त्याला सांगता आलं नसतं.

बिल्डिंगीत माणसं आल्यावर गावातलं पहिलं लग्न निघालं तेव्हा लडकू ताटली घेऊन जिना चढला, ही त्याच्या बाजूने सांगण्यासारखी गोष्ट. पहिल्या मजल्यावर पहिल्या दाराला उंबराच नव्हता, गुळगुळीत लादी होती. दाराच्या मधोमध काचेचा बारीक डोळा होता आणि त्या डोळ्यामागे कुणीतरी श्वास रोखून उभं होतं. लडकूने बेल दाबली तर आत पक्षी ओरडला. "आज काही नको," आतून बाई म्हणाली. दुसरं दार उघडलं ते साखळीपुरतंच, आणि फटीतून एका माणसाने विचारलं, "कुठल्या मंडळाची वर्गणी?" तिसऱ्या दारातून केसाळ कुत्रं बाहेर आलं आणि लडकूच्या धोतराला चिकटलं. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते लडकूला त्या दिवशी कळलं. दुसरा मजला त्याने बघितलाही नाही. गुडघ्यावर हात ठेवून तो खाली उतरला, आवारात उभा राहिला आणि त्याला एक विचार सुचला. माणूस चिडलेला असताना सुचलेल्या विचारावर कधी भरवसा ठेवू नये, पण हे त्याला कोण सांगणार?

बिल्डिंगला छप्पर एक, फाटक एक आणि नावही एकच. मग ते एकच घर नाही का? लडकूने फाटकाच्या खांबाशी चार दाणे ठेवले, मान वर केली आणि बोंब ठोकली, "आनंदी निवासवाले हो! घरटी एक आवतण हाय!"

घरी येऊन त्याने हे मैनाला सांगितलं तेव्हा तिने हातातली भाकरी तशीच धरून ठेवली. "एवढी माणसं आन एक हाक?"

"बौद्धवाडीला न्हाय का एकच हाक पुरायची?"

"आन येतं का कोण तिथून?" मैनाने विचारलं आणि भाकरी तव्यावर टाकली. लडकूने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

घरटी एक म्हटल्यावर बिल्डिंगने आपसात बोलून सेक्रेटरीला पाठवलं. काळूराम मास्तर इस्त्रीचा सदरा घालून आले, पंगतीला बसले, सगळ्या बिल्डिंगच्या वतीने जेवले आणि आभार मानून गेले. लडकूने छाती काढून 'गाव आला' म्हटलं. पुढच्या लग्नाला तेच आणि त्याच्या पुढच्या लग्नालाही तेच. फाटकाशी एक हाक, मांडवात एक मास्तर. एवढी सोय लडकूच्या आयुष्यात आधी कधी झाली नव्हती. बाकीच्या बिल्डिंगला ही सोय कशी वाटते, ते विचारायला वर जाणार कोण?

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात लडकूच्या एकुलत्या एका मुलीचं, चंपाचं, लग्न ठरलं. मुलगा खारबावचा. घर भलं होतं, पण रीतीभातीला कडक. त्यांच्या गावात लडकूच्या घराण्याचं नाव आवतणाचं घराणं म्हणूनच ठाऊक होतं. मुलाच्या आजीने बोलणी होतानाच सांगितलं होतं, "ज्याच्या मांडवात गाव पुरा येतो त्याची लेक आम्हाला चालेल." चंपा दाराआडून ऐकत होती. आत आल्यावर ती बापाला म्हणाली, "बाबा, माझ्या येळेला सगळे यायला पायजेत हां. बिल्डिंगवाले पन. मी त्यांच्या पोरींबरोबर शिवणाच्या क्लासला जाते."

"येतील. चूलबंद सांगतो," लडकू म्हणाला.

"वर जाऊन सांगाल ना?"

"हो हो," असं तो म्हणाला खरा. पण त्याच आठवड्यात बिल्डिंगचं मोरीचं पाणी मांडवाच्या जागेत शिरलं. लडकू दिवसभर चर खणत बसला आणि गुडघा नारळाएवढा सुजला. आवतणाच्या दिवशी गोदामं झाली, चाळी झाल्या, गावातली घरं झाली, आणि आनंदी निवासच्या फाटकाशी आल्यावर त्याने त्या जिन्याकडे एकदा बघितलं. मग मान वर करून नेहमीसारखी हाक दिली, फक्त या वेळी 'चूलबंद' अशी. तीनचार गॅलऱ्यांमधून माणसं डोकावली. सगळ्यात वर शांताबाई उभी होती.

चंपाने विचारलं, "सांगितलंत वर?"

"सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं," लडकू म्हणाला. हे शब्दशः खरं होतं.

लग्न लागलं. मांडव मोरूच्या बिल्डिंगीच्या भिंतीला खेटून होता, कारण दुसरीकडे जागाच उरली नव्हती. पानं मांडली, भात वाढला, वालाची भाजी आणि वडे वाढले. खारबावचं वऱ्हाड एका बाजूला आणि करंजघर दुसऱ्या बाजूला बसलं. मैनाने बिल्डिंगच्या माणसांसाठी दोन अख्ख्या पंगती मोकळ्या ठेवल्या होत्या. त्या मोकळ्याच होत्या. एकही माणूस आला नव्हता. काळूराम मास्तरसुद्धा नाही.

लडकू फाटकाकडे बघत होता, मैना लडकूकडे बघत होती आणि नवऱ्यामुलाची आजी त्या दोन मोकळ्या पंगतींकडे बघत होती.

दाजी आता नव्वदीला टेकले होते. डोळ्यांत मोतीबिंदू, पण आवाज होता तसाच. ते पानापुढे ताठ बसले आणि त्यांनी विचारलं, "गाव आला का?"

लडकू उभा राहिला. त्याने तोंड उघडलं. 'गाव आला', दोनच तर शब्द. म्हणून टाकावं, कोण बघतंय, असं त्याच्या मनात आलंही. पण समोर चंपा मुंडावळ्या बांधून बसली होती आणि तिचे डोळे बापाच्या तोंडावर खिळले होते.

दाजींनी वाट बघितली. मग हाताचा आडोसा करून वर बघितलं. बिल्डिंगच्या सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. बायका, पोरं, बाप्ये कठड्याला रेलून खालचं लग्न बघत होते. दाजींना चेहरे दिसत नव्हते, पण उजेडापुढे उभी असलेली माणसं दिसत होती.

"गाव आला म्हनायचं, तर ते वर कोण हाय?" त्यांनी विचारलं.

लडकूचे कान लालबुंद झाले. तो मांडवातल्या ताटलीकडे गेला, उरलेल्या अक्षता उचलल्या आणि चालायला लागला. मागून मोरू म्हणाला, "अरे मी माणूस पाठवतो, बस तू." "बस गप!" लडकू त्याच्यावर ओरडला. सगळं याच्यामुळेच झालं होतं. यानेच शेत दिलं, यानेच मजले चढवले, आणि साधा एक कठडा धड बसवला नाही, हाताला हलत होता.

नव्या धोतराचा सोगा दातात धरून लडकू पहिल्या मजल्यावर पोचला. दारं आता उघडीच होती. पहिल्या दारात तिशीचा एक कारकून होता.

"तुमच्या घरात वडील कोण?" लडकूने धापा टाकत विचारलं.

"मीच. आई गावाला असते."

"आईचं नाव?"

"गोदू."

"मग गोदूबायच्या घरी चूलबंद आवतण हाय. या लवकर, भात गार होतोय." चार दाणे लादीवर पडले आणि लडकू पुढच्या दाराशी गेला. तिथे हमीदाबी होती, भिवंडीतून आलेली, सत्तरीची. तिला तिचं नाव विचारायला कुणी दाराशी आल्याला जमाना झाला होता. तिने ते दोनदा सांगितलं, मग वाकून ते चार दाणे वेचले आणि दुपट्ट्याच्या गाठीत बांधले. कुत्रंही होतं. लडकूने त्याच्याकडे असं बघितलं की ते आपणहून आत गेलं.

दुसऱ्या मजल्यावर काळूराम मास्तर हाताची घडी घालून उभे होते. "लडकूशेठ, मी एकटा किती वेळा जेवू?" ते म्हणाले. "बिल्डिंगमधली पोरं मला बघून हसतात. या वेळी मात्र आम्ही वर विचारलं, इथली रीत नक्की काय आहे ते."

"कोणाला विचारलं?"

मास्तरांनी नुसतं वर बोट दाखवलं. लडकूने त्यांचं नाव घेऊन दाणे टाकले, मास्तरांच्या शेजाऱ्यांची नावं घेऊन दाणे टाकले आणि शेवटचा जिना चढायला घेतला. पायरीगणिक त्याचा राग चढत गेला. म्हणजे हिने केलं हे. सगळी बिल्डिंग हिने अडवली. माझ्या लेकीच्या लग्नात!

शांताबाई चौकटीत उभी होती. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि गॅसवर कुकर चढवलेला होता.

"आलास वर," ती म्हणाली.

"आलो. पाय गेला माझा. तूच ना, यांना येऊ नका म्हनून सांगितलंस?"

"येऊ नका न्हाय सांगितलं. त्यांनी रीत विचारली, मी सांगितली. उंबऱ्यावर येतात, नाव घेतात, मग जायाचं. खालून वरडतात ते आवतण न्हाय, ते कावळे हाकणं हाय."

"अगं पण शांताबाय, किती हे जिने! माझा गुडघा बघ. माणसाने चढायचं तरी किती?"

शांताबाईने त्याच्या गुडघ्याकडे बघितलं. मग त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"आमच्या वाडीला कुठं जिना होता, लडकू?"

खाली मांडवात पोरं ओरडत होती, ते इथपर्यंत ऐकू येत होतं. लडकूचा राग एकदम कुठे गेला ते त्याला कळलं नाही. तो शोधत होता तो राग, कारण त्याच्याशिवाय उभं राहणं फार कठीण झालं होतं. बौद्धवाडीत सपाट जमीन होती. बांधापासून पहिल्या घरापर्यंत पाच पावलं.

"तुझा बा बांधावरून वरडायचा, मंग तू वरडायला लागलास," शांताबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "हाक आली का माझा लहानू दारात येऊन बसायचा. म्हनायचा, थांब, या खेपेला नाव घेतील. मी म्हनायची, कशाला थांबायचं, जेवा घरात. तो बसायचा. घेतलंत का कवा?"

लडकूने मान हलवली. नाही घेतलं. चाळीतल्या परक्या माणसांचं घेतलं, चौकीदाराचं घेतलं. त्याने ताटलीतले दाणे चिमटीत धरले आणि वाकायला गेला.

"तांदूळ राहू दे. आमच्यात न्हाय ते," शांताबाई म्हणाली. "नाव घे."

लडकू तसाच अर्धवट वाकलेला सरळ झाला. चिमटीतले दाणे कुठे ठेवावेत ते त्याला कळेना, म्हणून मुठीत धरून ठेवले. नाव तर त्याला कित्येक वर्षांपासून ठाऊक होतं.

"लहानूच्या घरच्या शांताबाय," तो म्हणाला, "माझ्या चंपाचं लगीन हाय. चूलबंद आवतण हाय."

शांताबाई आत गेली. कुकरची शिटी अजून व्हायची होती. तिने गॅसचा कान पिळला, कुकर उतरवून खाली ठेवला आणि हाक मारली, "रामदास, चपला घाल."

जिन्यावरून सगळी बिल्डिंग खाली उतरली. लडकू सगळ्यांच्या मागे, एकेक पायरी, कठडा हलत असल्याबद्दल मोरूला शिव्या देत. मांडवात आला तोवर दोन्ही पंगती भरल्या होत्या. मैनाने शांताबाईला हाताला धरून आपल्या शेजारच्या पानावर बसवलं होतं. हमीदाबी चंपाच्या मुंडावळ्या निरखून बघत होती. खारबावची आजी मास्तरांना काहीतरी विचारत होती आणि मास्तर खुशीत उत्तर देत होते.

दाजींनी अजून पानाला हात लावला नव्हता.

"गाव आला का?" त्यांनी पुन्हा विचारलं.

लडकू खांबाला धरून उभा राहिला. त्याने एकदा मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. ती शांताबाईपाशी थोडी थांबली.

"आत्ता आला," तो म्हणाला.

"आत्ता म्हंजी?" दाजींनी कपाळाला आठ्या घातल्या. "मंग इतकी वर्सं तू जे सांगत व्हतास..."

"दाजी," लडकू खेकसला, आणि त्याचा आवाज मध्येच फुटला, "भात गार झाला. जेवा."